स्वमग्न मुलांची शाळा संपल्यावर पुढे काय?

“डॉक्टर, शाळा संपली. आता हा दिवसभर घरी बसून काय करणार?” स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम असलेल्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. त्यामागे आणखी एक प्रश्न असतो: आमच्यानंतर याचे कसे होणार?

कायदा काय देतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मुळे स्वमग्न व्यक्तींना सरकारी नोकरीत आरक्षण मिळाले. दिव्यांगांसाठी एकूण ४ टक्के जागा आहेत. पण त्यातल्या १ टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असे सगळेच येतात. शिवाय किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आणि पदासाठीची पात्रता लागतेच. खासगी कंपन्यांना आरक्षणाची सक्ती नाही. म्हणून केवळ आरक्षणाच्या भरवशावर राहू नका.

तयारी कधी सुरू करावी?

अठराव्या वर्षाची वाट पाहू नका, चौदाव्या वर्षापासूनच सुरुवात करा. काम नीट येत असूनही अनेकदा नोकरी टिकत नाही. बस चुकली, वेळापत्रक बदलले, गोंगाट असह्य झाला, की गाडी अडते. म्हणून पुढील गोष्टी रोजच्या सवयीच्या करा:

• ठरलेल्या वेळी स्वतः आवरणे
• दुकानातून वस्तू आणणे, पैसे मोजून घेणे
• आधी सोबतीने, मग एकट्याने प्रवास
• “मला कळले नाही”, “मला थोडा वेळ हवा” हे बोलून किंवा कार्ड दाखवून सांगणे

मुलाची आवड पाहून ओळखीच्या दुकानात, बेकरीत किंवा ग्रंथालयात आठवड्यातून दोन तास काम करू द्या. मालकाला सांगा, की मुलाखतीपेक्षा प्रत्यक्ष काम करून घेऊन पाहा. सूचना लिहून किंवा चित्रांतून द्या, एका वेळी एकच द्या.

माणसेही हवीत

नोकरी मिळाली नाही, तरी घराबाहेरचा दिनक्रम आणि ओळखीची माणसे हवीतच. पोहणे, भजनी मंडळ, पालकांचा गट, काहीही चालेल. त्याला ओळखणारी जितकी माणसे जास्त, तितकी आई-वडिलांची काळजी कमी.

दिव्यांगत्वाचा दाखला वेळेवर काढून ठेवा. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वाची गरज वाटल्यास, राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. पण प्रत्येकाला त्याची गरज नसते. आधी मुलाला काय हवे आहे, ते त्यालाच विचारा.