गणपूर्तीची अट नाही

14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय पर्यावरण अधिसूचनेच्या चौथ्या परिशिष्टात एक छोटंसं कलम आहे. जनसुनावणीचं कामकाज सुरू करायला गणपूर्तीची गरज नाही, असं ते सांगतं. मांडव पडला, माइक लागला, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अपर जिल्हाधिकारी येऊन बसले की झालं. समोर चिटपाखरू नसलं तरी सुनावणी कायदेशीर. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, विधानसभेला लागते, आमच्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेलासुद्धा लागते. जनतेचं ऐकायला मात्र जनता लागत नाही. हे कलम ज्या कारकुनाने लिहिलं, त्याला माझा दंडवत. सरकारच्या मनातलं इतकं स्वच्छ दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

मी वसईचा. आमच्याकडे शेती, मासेमारी आणि हरकती नोंदवणं असे तीन पिढीजात उद्योग आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली तेव्हापासून इथला माणूस अर्ज लिहितो, पोचपावती घेतो, जपून ठेवतो. एमएमआरडीएचा 2016 ते 2036 चा प्रादेशिक आराखडा आला तेव्हा हजारोंनी हरकती गेल्या. अशा सुनावण्यांना मी जाऊन बसतो. बाहेर पोलिसांची गाडी, आत पहिल्या दोन रांगा कुणासाठी तरी राखीव, आणि म्हातारा बागायतदार विहिरीच्या खाऱ्या झालेल्या पाण्याबद्दल बोलायला लागला की वरून आवाज येतो, ‘विषयाला धरून बोला, काका.’ मग काका गडबडतात, कागद दुमडतात, आणि त्यांना सांगितलं जातं की तुमच्या मुद्द्याची नोंद घेतली आहे. त्या नोंदीचं पुढे काय झालं, हे सांगायला कधी कुणी वसईत परत आलेलं मला तरी दिसलं नाही.

आमच्या पालघर जिल्ह्यातला सर्वांत मोठा नमुना वाढवण बंदराचा. गाव डहाणू तालुक्यातलं, समुद्र गावकऱ्यांचा, जाळी त्यांची. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यावी, असं हीच अधिसूचना म्हणते. ती झाली पालघरला, 19 जानेवारी 2024 रोजी. खर्च 76 हजार 220 कोटींचा, समुद्रात 1,448 हेक्टर भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बंधारा. एवढ्या अवाढव्य कामाचा मराठीत सक्तीने द्यायचा काय, तर सारांश. पापलेट कुठे अंडी घालतं हे ज्या कोळ्याला पाठ आहे, त्याने मूळ अहवाल मात्र इंग्रजीत वाचायचा. लोक बोलले, ओरडले, रडले. 16 फेब्रुवारीला पर्यावरण मंजुरी हातात. मध्ये पुरते चार आठवडे. एवढ्या वेळात आमच्याकडे सातबाऱ्यावरची नावाची चूक दुरुस्त होत नाही. 19 जूनला मंत्रिमंडळाची मान्यता, 30 ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन. बंदर हवं की नको, हे भांडण आज मी काढत नाही. ज्यांनी हवं म्हटलं आणि ज्यांनी नको म्हटलं, दोघांनाही बोलावून सारखंच बिनमहत्त्वाचं ठरवलं, हे माझं म्हणणं आहे.

आणि तरी वाढवणवाले नशीबवान, त्यांना निदान माइक मिळाला. वसई-विरार ज्याने बुडवलं त्याला ही नाटकी सुनावणीही लागू नाही. जुलै 2018 आठवतो ना? नालासोपाऱ्यात गाड्या पाण्यात उभ्या, मिठागरात माणसं अडकलेली, वीज गेलेली. नंतर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या आणि आयआयटीच्या तज्ज्ञांना बोलावून पालिकेने विचारलं की पाणी का तुंबतं. खाजणं भरली, मिठागरं भरली, गावोगावची बावखलं, म्हणजे पाणी साठवणारी तळी, बुजवली, म्हणून तुंबतं. हे पापडीच्या बाजारात भाजी विकणारी बाई फुकट सांगत होती. पण बांधकाम आणि वसाहतींचे प्रकल्प 2006 च्या अधिसूचनेनेच जनसुनावणीतून वगळलेत. एकेक टॉवर, एकेक संकुल, कुणाला विचारायचं कारणच नाही. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2024 च्या अखेरीपासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या तेव्हा आरक्षण सगळ्यांना आठवलं. हजारो माणसं रस्त्यावर आली. पहिली वीट रचली जात असताना आराखड्याचा नकाशा नक्की कुठल्या कपाटात होता?

पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत रेल्वेही नाही. म्हणून बुलेट ट्रेन आमच्या अंगणातून जाते तरी तिला पर्यावरण मंजुरीची पायरी नाही. खारफुटी तोडायला उच्च न्यायालयात जावं लागलं, तेही 2018 मध्ये त्याच न्यायालयाने तशी अट घातली होती म्हणून. डिसेंबर 2022 मध्ये सुमारे वीस हजार झाडं तोडायची परवानगी मिळाली. सौर प्रकल्पांनाही सूट आहे. सूर्याच्या विजेला माझा विरोध नाही, माझ्या गच्चीवर पॅनेल आहे. पण स्वच्छ वीज म्हटलं की जमीन कुणाची, गुरं कुठे चरायची, हे प्रश्न आपोआप स्वच्छ होतात का?

दिल्लीतली तऱ्हा वेगळी नाही, खुर्च्या तेवढ्या मऊ. वन संवर्धन दुरुस्ती विधेयक मार्च 2023 मध्ये आलं. पर्यावरणाच्या स्थायी समितीकडे जायचं ते संयुक्त समितीकडे गेलं. तिच्यापुढे तेराशेहून अधिक निवेदनं आली. जंगलाची व्याख्या आक्रसते आहे, सीमेलगतच्या शंभर किलोमीटरमध्ये सूट कशाला, असे आक्षेप होते. समितीने जुलैत अहवाल दिला आणि विधेयकात एक शब्दही बदलला नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दोन्ही सभागृहांतून मंजूर. पंधराव्या लोकसभेत शंभरातली एकाहत्तर विधेयकं समितीकडे जायची, सतराव्यात सोळा. त्या सोळांचं हे असं.

उलटा दाखला हवा असेल तर आमच्याच जिल्ह्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण झालं. अध्यक्ष न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी. वाढवणला परदेशी कंपनीचं बंदर येत होतं, तेव्हा प्राधिकरणाने 1998 मध्ये कारणं लिहून नकार दिला. डहाणूच्या थर्मल पॉवर स्टेशनला गंधक शोषणारी यंत्रणा बसवायचा आदेश 1999 मध्ये काढला. वीज कंपनीने कुरकुर करत का होईना, 2007 मध्ये ती बसवली. म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातात नाही म्हणायचा अधिकार असला की ऐकणं लगेच सुधारतं. न्या. धर्माधिकारी जानेवारी 2019 मध्ये गेले. त्याच प्राधिकरणाने जुलै 2023 मध्ये वाढवणला ना-हरकत दिली, आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. निकाल निकालच, तो मी मानतो. पण 1998 ची कारणं 2023 मध्ये कशी विरघळली, हे वाढवणच्या कोळणीला तिच्या भाषेत कुणी बसून समजावलं?

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक हरकतीखाली मराठीत लेखी उत्तर, उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि सही, आणि हे सगळं गावाच्या चावडीवर लागल्यावर तीस दिवसांनीच मंजुरीची बैठक. संपूर्ण अहवाल मराठीत. शंभर गावकरी हजर नसतील तर सुनावणी पुढे ढकला, पुन्हा दवंडी द्या. बांधकामांना आणि रेल्वेला दिलेली सूट काढा. यातल्या एकाही गोष्टीला नवं तंत्रज्ञान लागत नाही; कागद, शाई आणि थोडी लाज पुरते.

तोवर पुढच्या सुनावणीला मी नवी हरकत लिहून नेणार नाही. जुन्या सगळ्या हरकतींच्या पोचपावत्या नेणार आहे, तारखेप्रमाणे लावून, आणि एकेकीचं उत्तर मागणार आहे. वेळ लागेल. विषयाला धरूनच बोलेन.