वजन घटले कुठून, ते पाहा

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. तिच्यासाठी पनवेल, खारघर आणि तळोजा परिसरातले हौशी धावपटू पावसाळा सरण्याआधीच अंतर वाढवू लागतात, आणि लवकरच बुटांचा प्रश्न पुढे येतो. रोजचे जाड सोलचे बूट असतातच. पण टेम्पो रनला, इंटरव्हलला आणि शेवटी शर्यतीला त्याहून हलका जोड हवासा वाटतो. हे वाटणे योग्यच आहे. चूक होते ती पुढे, खरेदीचा सगळा निर्णय ग्रॅमच्या आकड्यावर सोपवला जातो तेव्हा. एक बूट २१० ग्रॅमचा, दुसरा १९० चा, म्हणून दुसरा चांगला, या हिशेबात एक गोष्ट विचारायची राहून जाते: हे वीस ग्रॅम बुटाच्या कोणत्या भागातून काढले? फोम सुधारल्यामुळे वजन कमी झाले असेल, तर तो निव्वळ फायदा. तळाचे रबर कमी करून, टाचेचा आधार काढून किंवा पायाखालची गादी पातळ करून ते घटवले असेल, तर ती उसनवारी आहे आणि ती फेडावी लागते पोटऱ्यांना.

वजनाला काही किंमतच नाही, असे मी म्हणत नाही. पायातले वजन प्रत्येक पावलाला उचलावे आणि पुढे फेकावे लागते, म्हणून ते पाठीवरच्या वजनापेक्षा महाग पडते. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की लागणारी ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढते, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये धावपटूंच्या नकळत बुटांत शिसे भरून त्यांना ३००० मीटर धावायला लावले, तेव्हा प्रत्येक बुटामागच्या १०० ग्रॅमला वेळ ०.७८ टक्क्यांनी वाढला. हाच दर ढोबळपणे लांब अंतराला लावला, तर साडेचार तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला १०० ग्रॅममागे दोन मिनिटे मिळतात, वीस ग्रॅममागे पंचवीस सेकंद. एवढ्यासाठी बुटातून काय गेले, हे पाहायलाच हवे. त्याच विद्यापीठात २०१२ मध्ये अनवाणी धावणे आणि हलक्या बुटांत धावणे यांची तुलना झाली. अनवाणी पायावर शून्य ग्रॅम असतात, तरीही ऊर्जा वाचली नाही. पायाखाली गादी नसली की आघात स्नायूंना झेलावा लागतो, आणि वजनात झालेली बचत तिथे खर्ची पडते.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे आपल्याकडचे मोठे धावपटू अनवाणीच धावले. ते खरे आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यांतली मुले पाहून दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याचा घाट घातला. त्यांतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. अनवाणी धावण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये नोंदवलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे. पण लहानपणापासून मातीवर घडलेले हलक्या शरीराचे पाय वेगळे, आणि दिवसभर खुर्चीत बसून पहाटे सिमेंट काँक्रीटवर उतरणारे चाळिशीतले पाय वेगळे. २०१७ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात अगदी पातळ सोलच्या बुटांत सुमारे ७१ किलोंहून जड धावपटूंना दुखापतीचा धोका वाढलेला दिसला. बूट निवडताना बुटाच्या वजनाआधी स्वतःचे वजन विचारात घ्यायला हवे, ते यासाठी.

दुसऱ्या बाजूला कार्बनची प्लेट असलेले महागडे बूट आहेत. २०१७ मध्ये नाइकीचा व्हेपरफ्लाय बाजारात आला आणि ऊर्जेत चार टक्के बचतीचा आकडा सर्वतोमुखी झाला. ज्या प्रयोगातून तो आकडा आला, त्यात तुलनेतल्या सगळ्या बुटांचे वजन मुद्दाम सारखे केले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. म्हणजे तो लाभ हलकेपणाचा नव्हताच. तो उसळी परत देणाऱ्या नव्या फोमचा आणि बुटाच्या रचनेचा होता. इथिओपियाच्या तिगिस्त असेफाने सप्टेंबर २०२३ मध्ये बर्लिनला महिलांच्या मॅरेथॉनचा २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांचा तेव्हाचा जागतिक विक्रम केला, तो आदिदासच्या अवघ्या १३८ ग्रॅमच्या बुटात. इतका हलका बूट शक्य झाला त्यामागेही असाच फोम आहे. मग हेच बूट सर्वांनी का घेऊ नयेत? कारण वेग. चार टक्क्यांचा प्रयोग ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाचा होता. ताशी १४ म्हणजे सुमारे तीन तासांची मॅरेथॉन. पुढे अशाच बुटांची चाचणी कमी वेगाला झाली, तेव्हा ताशी १२ किलोमीटरला सरासरी लाभ १.४ टक्के आणि ताशी १० ला ०.९ टक्के निघाला, तोही माणसागणिक बराच वेगळा. वीस हजार रुपयांच्या आसपासची किंमत, लवकर थकणारा फोम आणि एवढासा लाभ, असा हा सौदा चार-साडेचार तासांच्या धावपटूसाठी मला पटत नाही. त्याने नव्या फोमचा, प्लेट नसलेला, २०० ते २४० ग्रॅमचा बूट घ्यावा. मागच्या वर्षीचे मॉडेल मिळाले तर उत्तमच.

तळोज्याच्या रस्त्यांचा विचार केला तर हा आग्रह आणखी वाढतो. एमआयडीसीकडचे रस्ते अवजड वाहनांचे. कडेला खडी, उखडलेले डांबर, पावसाळ्यात खड्ड्यांतले पाणी. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने सोलच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घातली आहे, आणि शर्यतीचे बरेच बूट तिच्या जवळ जातात. इतका उंच, मऊ, अरुंद सोल बर्लिनच्या सपाट रस्त्यावर सुंदर चालतो, खडीच्या कडेवर वळताना घोटा मात्र लटपटतो. ग्रॅम वाचवायला रबराच्या चार चकत्या ठेवून बाकी फोम उघडा सोडलेला असेल, तर काँक्रीट तो लवकर झिजवते आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. शिवाय कंपनी सांगते ते वजन कोरड्या बुटाचे. आत जाड अस्तर असलेला २१० ग्रॅमचा बूट कोकणातल्या पावसात भिजला की तो आकडा उरत नाही. पातळ जाळीचा, पाणी पटकन सोडणारा २२५ ग्रॅमचा बूट तिथे खऱ्या अर्थाने हलका ठरतो.

हलक्या बुटांनी दुखापती होतात म्हणून एकाच जाड जोडावर सगळे भागवावे, असेही सांगितले जाते. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आलटून पालटून वेगवेगळे बूट वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. अशा एका अभ्यासाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण दुसरा जोड म्हणजे उधळपट्टी या समजाला त्याने तडा जातो. दोन जोडांत किलोमीटर वाटले गेले की दोन्ही अधिक काळ टिकतात, त्यामुळे खर्चही वाटतो तितका वाढत नाही. घाई मात्र नको. हलका जोड ऑक्टोबरच्या अखेरीस घ्यावा, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना मापून, पुढे अंगठाभर जागा ठेवून. आधी आठवड्यातून एकच वेगवान धाव त्यात करावी, मग डिसेंबरात एखाद्या २५ किलोमीटरच्या लाँग रनचे शेवटचे पाच किलोमीटर शर्यतीच्या वेगाने त्यातच धावावे. फुल मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ अखेरच्या टप्प्यात लागतो, पोटऱ्या आधीच थकलेल्या असताना. त्या वेळी सोल साथ देईल की नाही, याचा अंदाज दुकानात चार पावले चालून येत नाही. तो त्या पाच किलोमीटरांत आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना येतो. पोटऱ्या फारच धरल्या, तर शर्यतीला तीस ग्रॅम जड, ओळखीचा जोड घालावा.