८४ दिवसांचा नेम

गेल्या वर्षी रक्ततपासणीत मला हिपॅटायटिस सी असल्याचे निष्पन्न झाले. उपचार एवढाच : रोज एक गोळी, १२ आठवडे. पूर्वी या रोगावर इंटरफेरॉनची इंजेक्शने कित्येक महिने घ्यावी लागत. ज्वर व नैराश्याने रुग्ण खचून जात. त्या मानाने माझी डोकेदुखी, थकवा व मळमळ किरकोळच. तरीही दहाव्या दिवशी ‘आज गोळी नको’ असे मनात आले. पत्नीने तत्काळ डॉक्टरांना विचारले. ‘त्रास कळवा, परंतु गोळी चुकवू नका, मध्येच सोडल्यास विषाणू पुन्हा बळावतो,’ असे त्यांनी बजावले. पित्तावरचे औषध मी परस्पर घेत होतो. त्यामुळे सोफोसबुविर-वेल्पाटासविरचे शोषण घटते, हेही तेव्हाच उमगले.

मग गोळी रोज सकाळी नऊला, दिवसा पुरेसे पाणी, दुपारी विश्रांती, असा नेम केला. त्यात चौविहारही सांभाळला गेला. उपवास मात्र डॉक्टरांच्या अनुमतीनेच. तिसऱ्या आठवड्यात डोके हलके झाले. उपचारानंतर १२ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू आढळला नाही.

वाचकहो, त्रास सांगण्यात कमीपणा नाही. तो लपवून गोळी सोडण्यात मात्र मोठा तोटा आहे.