हे बिल की कूटलेख?

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे किंवा कसे, हे पाहण्यासाठी करावयाची अँजिओग्राफी आज शहरांतील मध्यमवर्गीय घरांस अपरिचित राहिलेली नाही. मनगटाच्या किंवा जांघेतील धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तीतून आयोडीनयुक्त द्रव सोडायचा आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने रक्ताचा मार्ग चित्रित करायचा, असे या तपासणीचे स्वरूप आहे. १९५८ साली क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून ही वाट योगायोगाने मोकळी झाली. तेव्हापासून रक्तवाहिन्यांचे चित्र उत्तरोत्तर स्पष्ट होत गेले. त्या चित्राचे बिल मात्र दुर्बोधच राहिले आहे.

कोठे ‘पॅकेज’ हा एकच शब्द आणि पुढे आकडा. कोठे नळी, तार, द्रव, हातमोजे यांची पानभर यादी. दोहोंवरूनही रुग्णास नेमके काय केले, याचा बोध होत नाही. अडथळा आढळून त्याच बैठकीत अँजिओप्लास्टी केली की गुंता अधिकच वाढतो. नळी आधीच आत असते, खोली तीच, डॉक्टरही तेच. मग तपासणीचे पैसे पुन्हा वेगळे लावले काय, आणि लावले असल्यास कोणत्या कारणाने? संमतिपत्रावर घाईने सही करणाऱ्या नातेवाइकास हा प्रश्न त्या क्षणी सुचणे शक्य नाही. त्याचे उत्तर बिलानेच दिले पाहिजे.

अमेरिकेत तेथील वैद्यक संघटनेने १९६६ सालापासून प्रत्येक उपचारास संकेतांक दिले आहेत. केवळ हृदयधमन्यांच्या चित्रणास ९३४५४. त्याच वेळी हृदयाचा डावा कप्पाही तपासला तर ९३४५८. अँजिओप्लास्टीच्याच बैठकीत निदानासाठी केलेल्या चित्रणाचे वेगळे पैसे केव्हा मागता येतात, याचेही नियम तेथे आहेत. पूर्वीचे उपयुक्त चित्रण उपलब्ध असेल आणि रुग्णाच्या स्थितीत फरक पडला नसेल, तर ते मागता येत नाहीत. या संकेतांकांनी अमेरिकेतील वैद्यक स्वस्त झाले नाही. उलट ते लिहिण्याचाच एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. तेव्हा अमेरिकेची नक्कल करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या कामास निश्चित नाव आहे, त्याच्याबद्दल वाद तरी घालता येतो. निनावी आकड्याशी कोण कसा भांडणार?

आपल्याकडेही हे तत्त्व अपरिचित नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधी लेप असलेल्या स्टेंटची २९,६०० रुपये ठरविली. स्टेंटची किंमत, नाममुद्रा, उत्पादक आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे लिहावा, असेही त्या वेळी बजावले. नळ्या आणि तारा यांना मात्र तशी कमाल मर्यादा लागली नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, हा प्रकार अशाच फटीतून शिरतो. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत प्रत्येक उपचाराच्या पॅकेजला संकेतांक आहे. विम्याच्या दाव्याच्या प्रमाण अर्जातही रुग्णालयाने रोगाचा व उपचाराचा संकेतांक भरावयाचा असतो. म्हणजे जी माहिती सरकारला आणि विमा कंपनीला मिळते, तीच स्वतःच्या खिशातून पैसे मोजणाऱ्या रुग्णास मिळू नये, अशी ही विचित्र स्थिती आहे!

प्रत्येक रुग्ण निराळा असतो, असे डॉक्टर म्हणतात. ते खरे आहे, आणि म्हणूनच दर किती असावा हा वाद मोठा आहे. परंतु केलेल्या कामास नाव देण्यात कसली अडचण? महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे आणि त्याखालील नियम २०२१ मध्ये सुधारले गेले. त्यांत आणखी तीन गोष्टी घालाव्यात: बिलावर तपासणीचे नाव व संकेतांक असावा, एकाच बैठकीत तपासणी आणि उपचार झाल्यास तपासणीचे पैसे वेगळे घेतले किंवा नाही, व का, हे लिहावे, आणि वापरलेल्या प्रत्येक वस्तूचे नाव, संख्या व छापील किंमत द्यावी. सचोटीने व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांस, आणि ते पुष्कळ आहेत, यात भिण्यासारखे काही नाही. अशा बिलाने रुग्णांच्या मनातील संशयापासून त्यांचेच रक्षण होईल. सरकारने या दुरुस्तीस आणखी विलंब लावू नये, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.