झेरॉक्स काढली तर चोरी, यंत्राने गिळलं तर प्रगती?

एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआय कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं. आमच्या बातम्या न विचारता घेतल्या, त्यावर चॅटजीपीटी तयार केलं, दोन कोटींची भरपाई द्या, असा दावा. मागोमाग पुस्तक प्रकाशकांचा महासंघ आणि डिजिटल वृत्तमाध्यमांची संघटनाही त्यात उतरली. आपले काही कार्यकर्ते म्हणतात, दोन बड्या कंपन्यांचं भांडण, आपला काय संबंध?

संबंध आहे. तो कळायला याच न्यायालयात चाललेला दुसरा एक खटला आठवावा लागतो. त्यात आरोपीच्या जागी अमेरिकन कंपनी नव्हती, झेरॉक्सचं दुकान होतं.

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं दुकान. प्राध्यापक अभ्यासक्रमाची यादी द्यायचे, या पुस्तकातलं एक प्रकरण, त्या पुस्तकातली वीस पानं. दुकानदार त्याचा गठ्ठा बांधायचा आणि विद्यार्थी विकत घ्यायचे. एकेका विषयाला अशी डझनभर पुस्तकं लागायची आणि त्यातली बरीच परदेशी किमतीची. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा ठोकला. मागणी ६० लाखांची. ऑक्टोबरात न्यायालयाने गठ्ठे विकायला अंतरिम मनाई केली. विचार करा, सत्र चालू, परीक्षा तोंडावर, आणि वाचायला साहित्य नाही.

पण विद्यार्थी गप्प बसले नाहीत. त्यांनी संघटना काढली, न्यायालयात अर्ज केला आणि खटल्यात स्वतः पक्षकार झाले. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे. ज्यांची पुस्तकं त्या गठ्ठ्यांत होती त्यांतल्या अनेक लेखकांनीच पत्रक काढलं की आमच्या नावाने हा खटला लढू नका. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना तशी विनंती केली. म्हणजे लेखक एका बाजूला आणि लेखकाच्या हक्काची भाषा करणारे दुसऱ्या बाजूला!

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही निसर्गदत्त वा ईश्वरी हक्क नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणासाठी सूट आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पूर्वी विद्यार्थी ग्रंथालयात बसून हाताने उतरवून काढत, आता यंत्राने प्रत काढतात, परिणाम तोच असेल तर एक कायदेशीर आणि दुसरं गुन्हा कसं, असा त्यांचा युक्तिवाद होता. डिसेंबरात दोन न्यायाधीशांच्या पीठाने शिक्षणाच्या सवलतीचं तत्त्व कायम ठेवलं, मात्र साहित्य शिकवण्यासाठी खरंच गरजेचं होतं का, एवढं तपासायला प्रकरण परत पाठवलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

आता गंमत अशी की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांचे वकीलही जगभर असाच सूर लावतात. माणूस वाचून शिकतो, तसं आमचं यंत्र शिकतं, यात चोरी कुठली? ऐकायला बरं वाटतं. पण एंडलॉ यांनी परिणाम पाहायला सांगितलं होतं. वीस पानं वाचून विद्यार्थी परीक्षा देतो, तो कोणाचं दुकान बंद पाडत नाही. कंपनी लाखो पुस्तकं पोटात घालून त्यातून विकायची सेवा तयार करते. परिणाम सारखा कुठे आहे?

अमेरिकेत काय झालं बघा. अँथ्रॉपिक कंपनीविरुद्ध लेखकांनी दावा केला. जून २०२५ मध्ये न्या. विल्यम अलसप यांनी निकाल दिला की पुस्तकांवर यंत्राला शिकवणं हा न्याय्य वापर आहे, मात्र ७० लाखांहून जास्त चोरट्या प्रती उतरवून साठवणं तसं नाही. कंपनीने दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. मेटा कंपनीनेही लिबजेन या चोरट्या ग्रंथसाठ्यातली पुस्तकं वापरल्याचं न्यायालयीन कागदपत्रांत उघड झालं. शिकवण्याच्या मुद्द्यावर निकाल तिच्या बाजूने लागला. कोणी तुरुंगात गेलं नाही, कोणती सेवा बंद पडली नाही.

त्याच अमेरिकेत एरन स्वार्ट्झ या तरुणाला जानेवारी २०११ मध्ये अटक झाली होती. एमआयटीच्या नेटवर्कवरून त्याने जेस्टोरचे शोधनिबंध मोठ्या संख्येने उतरवले होते. विकले नव्हते. काही दशकांच्या कैदेची टांगती तलवार त्याच्यावर होती. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने जीवन संपवलं.

आणि इकडे? कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये साय-हब सुरू केलं. शोधनिबंध फुकट, कोणालाही. डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटीने दिल्लीत दावा केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ देशात बंद करण्याचा आदेश निघाला. ज्या निबंधांचा लेखकाला एक रुपया मिळत नाही, ज्यामागचं संशोधन बऱ्याचदा सरकारी पैशाने झालेलं असतं, ते विकण्याचा हक्क प्रकाशकाचा.

सरकार म्हणेल, आम्ही 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजना आणली की! आणली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांपुरती. विनाअनुदानित महाविद्यालयात शिकणारी मुलगी, नोकरी करत पीएच.डी.साठी धडपडणारा, गावात बसून आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारा, यांनी काय करायचं? ज्यांच्या पूर्वजांना अक्षराचीच बंदी होती, त्यांच्या पोरांना कुलूप नवीन नाही, फक्त कुलपावरचं नाव बदललं आहे.

इथे बाबासाहेबांचं एक उदाहरण. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषण रद्द केलं तेव्हा त्यांनी ते १९३६ मध्ये स्वखर्चाने छापून लोकांपुढे ठेवलं. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून कॉपीराइटमुक्त आहे, कोणीही छापू शकतो. आज ते आपल्या मोबाइलवर आहे, यात त्या मुदत संपण्याचा वाटा मोठा आहे.

मग एएनआयच्या खटल्यात आपण कोणाच्या बाजूने? माझं उत्तर, दोघांच्याही नाही. एएनआय जिंकली तर भरपाई जिल्ह्याच्या ठिकाणी धावपळ करणाऱ्या बातमीदाराच्या खिशात जाईल, असं मानायला मी तयार नाही. ओपनएआय जिंकली तर सूट मिळेल ती कंपनीला, झेरॉक्सवाल्याला नाही. खरा धोका तिसरा आहे. या दोघांच्या ओढाताणीत न्यायालय किंवा संसद कलम ५२ ला हात घालेल, आणि कंपन्यांना लगाम घालायच्या नावाखाली शिक्षक-विद्यार्थ्यांची सवलत आवळली जाईल. किंवा परवाने आणि रॉयल्टीची अशी व्यवस्था होईल की पैसेवाल्याला सगळं खुलं आणि बाकीच्यांना दार बंद.

म्हणून मागणी साधी आहे. शिकण्यासाठी प्रत काढणारा माणूस आणि विकण्यासाठी प्रत काढणारी कंपनी, हे दोन वेगळे विषय कायद्यात वेगळेच राहिले पाहिजेत. पहिल्याची सूट वाढवा, साय-हबसारख्या गोष्टींचा विचार त्या सुटीत करा. दुसऱ्याकडून पैसे घ्या, आणि ते प्रकाशकाच्या तिजोरीत न जाता लिहिणाऱ्याच्या हातात पडतील याची तजवीज करा. दिल्लीच्या विद्यार्थ्यांनी २०१२ नंतर पक्षकार होऊन खटला फिरवला. आपल्या विद्यार्थी संघटनांनी, वकील मित्रांनी या खटल्यातही हस्तक्षेप अर्जाचा विचार करावा. प्रकाशक तिथे पोहोचले आहेत, कंपन्या पोहोचल्या आहेत. वाचणाऱ्यांची खुर्ची रिकामी आहे.