खुनी सुटावा असे वाटणारा वाचक

काळोख्या मनोव्यापारांच्या थरारकादंबऱ्या वाचकांना का आवडतात, या प्रश्नाला समीक्षेची दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले असे की, त्या वाचकाच्या विकृत कुतूहलावर पोसल्या जातात. दुसरे असे की, त्या त्याच्या दडपलेल्या वासनांचे विरेचन करतात. पहिले उत्तर वाचकाला रोगी ठरवते, दुसरे कादंबरीला औषध. संहिता वाचण्याचे कष्ट दोन्ही टाळतात.

पॅट्रिशिया हायस्मिथ यांची 'द टॅलेन्टेड मिस्टर रिप्ली' (१९५५) पाहावी. टॉम रिप्ली सॅन रेमोच्या समुद्रात डिकी ग्रीनलीफला ठार करतो आणि त्याचे नाव, कपडे व पैसा अंगीकारतो. पुढे रोममध्ये फ्रेडी माइल्सचाही खून करतो. निवेदन तृतीयपुरुषी असले, तरी दृष्टिबिंदू रिप्लीचाच आहे. म्हणून पोलीस दाराशी येतात तेव्हा वाचकाला भय वाटते ते खुन्याचे नव्हे, खुनी पकडला जाईल याचे. आपण कोणाची सुटका इच्छीत आहोत, हे त्याला उशिरा उमगते. या प्रकाराचे आकर्षण त्या उमगण्यात आहे, आणि त्याचे नैतिक गांभीर्यही तेथेच आहे.

विरेचनाचा सिद्धान्त येथे लागू पडत नाही. बनावट मृत्युपत्राच्या बळावर रिप्ली अखेरीस मोकळा आणि संपन्न राहतो. वाचकाच्या भीतीचा निचरा होत नाही, उलट तिच्यातील त्याचा सहभाग उघड होतो. रेने क्लेमाँ यांच्या १९६०च्या चित्रपटात मात्र नौकेला अडकलेले प्रेत वर येते आणि रिप्लीचा डाव उधळतो. कादंबरीने नाकारलेला दिलासा चित्रपटाने प्रेक्षकाला देऊ केला.

अशा लेखनात गुन्हेगाराचे उदात्तीकरण होते, हा आक्षेप अपेक्षितच आहे. परंतु 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्येही (१८६६) वाचक रास्कोलनिकॉव्हबरोबर दाराआड श्वास रोखून उभा असतोच. तेथे शेवटी कबुली आहे, सैबेरिया आहे. रिप्लीपाशी यांपैकी काहीच नाही. मग दस्तयेव्हस्कीला आपण थोर मानतो ते त्याच्या कलेमुळे, की नायकाला झालेल्या शिक्षेमुळे? रंजनवादी म्हणून हायस्मिथ यांना पंक्तीबाहेर बसवणाऱ्यांनी याचे उत्तर दिले पाहिजे.

या प्रकारातील पुष्कळसे लेखन साचेबंद आहे, हे मान्य. मात्र साचा कोठे संपतो आणि कलाकृती कोठे सुरू होते, हे सांगणे समीक्षेचे काम आहे. आणि त्यासाठी आधी पुस्तक उघडावे लागते.