घरची शाळा आणि फुकटचा इतिहास

परवा संध्याकाळी सोप्यावर चहा घेत बसलो होतो. बहिणीची नात हातात वही घेऊन आली आणि उभ्याउभ्याच विचारती झाली, "आजोबा, तुमचे बाबा गोव्याच्या विरुद्ध होते का हो?"

कपातला चहा कपातच राहिला. माझे वडील गोव्याच्या विरुद्ध? ज्या माणसाने मुक्तीनंतर पहिल्यांदा तिरंगा बघितला तेव्हा लहान मुलासारखा रडला, तो गोव्याच्या विरुद्ध?

"कोणी सांगितलं तुला?"

"इथे लिहिलंय. ज्यांनी फुलाला मत दिलं त्यांना गोवा नको होता. तुम्हीच म्हणाला होता ना, ते फुलाचे होते म्हणून."

पोरीचे काही चुकले नव्हते. जे वाचले ते तिने घरच्या गोष्टीशी जोडून पाहिले. शाळेत अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकवला, पण हा प्रश्न मला आजवर कुठल्या विद्यार्थ्याने विचारला नव्हता. त्यावरूनच हे लिहायला बसलो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ही मुलगी अकरा वर्षांची. शाळेत जात नाही. भाची आणि जावई पुण्याहून चार वर्षांपूर्वी आमच्या मांडवीकाठच्या गावात राहायला आले आणि दोघांनी ठरवले की पोरीला घरीच शिकवायचे. मी तेव्हा बरीच कुरकुर केली. जन्मभर फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस आणखी काय करणार! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शाळेची हमी आहे, घरच्या शाळेबद्दल मात्र तो स्पष्ट काही बोलत नाही. असे शिकवणारे बरेच पालक पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसवतात. त्याला वयाची चौदा वर्षे पूर्ण लागतात. तोवर आईबापांची मर्जी आणि मुलाचे नशीब.

गणित, विज्ञान यांची मला काळजी नव्हती. त्रिकोणाचे कोन पुण्यात, पणजीत आणि पॅरिसमध्ये सारखेच भरतात. काळजी होती ती समाजशास्त्राची. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र हे विषय जागेवर उभे राहून शिकायचे असतात. ते आंतरजालावरून उतरवून कसे शिकणार?

आणि पहिले वर्ष तसेच गेले. भाचीने अमेरिकेतल्या घरी शिकणाऱ्या मुलांसाठी तयार केलेले साहित्य घेतले. ते होते मात्र देखणे! रंगीत नकाशे, छोट्या चित्रफिती, प्रत्येक धड्यामागे प्रश्न, आणि सगळे फुकट. वर्षाअखेर पोरीला अमेरिकेच्या तेरा वसाहतींची नावे पाठ. गोव्याचे बारा तालुके विचारले तर सहावर गाडी अडली. काणकोण कुठल्या टोकाला आणि पेडणे कुठल्या, हे तिला ठाऊक नव्हते. दोष त्या साहित्याचा नव्हे. ते त्यांच्या पोरांसाठी त्यांनी केले, चांगलेच केले. आपण दुसऱ्याच्या अंगाचा सदरा आणून आपल्या पोराला घातला, मग तो ढगळ होणारच.

त्यानंतर भाची आणि मी मिळून शोधायला बसलो. खरे सांगतो, मी चकित झालो. आपल्या देशात केवढे साहित्य फुकट पडले आहे, आणि आम्ही शिक्षक लोक गाइडे विकत घेत बसलो! एनसीईआरटीची सगळी चालू पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. बालभारतीची मराठी पुस्तकेही मिळतात. मुक्त विद्यालयाचे दहावीचे सामाजिक शास्त्राचे धडे मिळतात. हिंदी चालत असेल तर भोपाळच्या एकलव्य संस्थेची सामाजिक अध्ययनाची पुस्तके जरूर बघा. मध्य प्रदेशातल्या शाळांत वापरून पाहिलेली ती पुस्तके. त्यांत राजाच्या वंशावळीपेक्षा शेतकरी, बाजार, पाणी यांना जास्त जागा आहे. इंदूर-देवासकडच्या मराठी वाचकांतल्या काहींना ती शाळेपासूनच माहीत असतील.

एक सूचना मात्र करतो. पुस्तक उतरवले की त्यावर तारीख घालून जपून ठेवा. एनसीईआरटीची समाजशास्त्राची पुस्तके अलीकडे बदलली. सहावीचे नवे पुस्तक २०२४ मध्ये आले, सातवी-आठवीची २०२५ मध्ये. २०२३ मध्ये बारावीच्या इतिहासातून मोगल दरबाराचे प्रकरण गेले. बदल बरा की वाईट यावर वाद घाला, पण जुने आणि नवे दोन्ही पुढ्यात असतील तर मुलाला एक गोष्ट आपोआप कळते. ती म्हणजे पाठ्यपुस्तक आभाळातून पडत नाही, ते माणसे लिहितात आणि माणसेच बदलतात. इतिहासाचा हा पहिला धडा, आणि तो कुठल्याच पुस्तकात नसतो.

पुस्तकांच्या पलीकडेही बरेच आहे. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका मिळतात. त्यांत आपल्या गावात किती घरे, किती बायका, किती शेतमजूर हे सगळे मांडलेले असते. आमच्या पोरीने आपल्या गावाची ओळ शोधून काढली आणि दिवसभर ती ओळ सगळ्यांना दाखवत फिरली. इस्रोच्या 'भुवन'वर उपग्रहाची चित्रे आहेत. त्यात आमच्या खाजन शेताचा हिरवा पट्टा आणि त्याला नदीपासून वेगळा करणारा बांध केसासारखा बारीक दिसतो.

आणि जुनी गॅझेटिअर! १८८० चा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड कोणालाही वाचता येतो. पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांकडे होता, म्हणजे पेडण्याच्या माणसाला आपली अर्धी गोष्ट त्या दरबाराच्या हकिकतीत सापडते. पण ते लिहिले इंग्रज अधिकाऱ्यांनी, राज्यकारभाराच्या सोयीसाठी. एकेका जातीला दोन ओळींत आळशी नाहीतर कष्टाळू ठरवून मोकळे झालेले. मुलाच्या हाती ते नुसते देऊन चालत नाही, शेजारी बसावे लागते. आमच्या घरी त्यासाठी तीन प्रश्न ठरले आहेत: कोणी लिहिले? कधी लिहिले? कोणासाठी लिहिले?

एवढी सगळी तयारी झाली. आणि मग हा प्रश्न आला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहायचे? विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळे राहण्याची दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. भिंती चुन्याने रंगलेल्या, रात्री उशिरापर्यंत सभा, आणि आमच्या घरात मतमोजणीच्या रात्री कोणी जेवले नव्हते, एवढे आठवते.

एनसीईआरटीच्या बारावीच्या राज्यशास्त्रात गोवामुक्तीवर छोटासा भाग आहे. त्यात या कौलाचा उल्लेख आहे, पण तो थोडक्यात उरकलेला. बाकी आंतरजालावर शोधाल तर बहुतेक मजकूर जिंकलेल्या बाजूने लिहिलेला सापडतो. आज १६ जानेवारी हा 'अस्मिताय दीस' म्हणून साजरा होतो, त्यामुळे ते साहजिकही आहे. त्यात फुलवाले म्हणजे भुललेले किंवा विकले गेलेले. आणि आमच्या मराठी बाजूने जे काही थोडे लिहिलेले सापडते, त्यात दोन पानांवाले म्हणजे पोर्तुगीजांचे लाडके आणि मराठीचे वैरी. दोन्ही फुकट, आणि दोन्ही अर्धे. पोरीच्या हाती पहिला अर्धा लागला. दुसरा लागला असता तर तिने शेजाऱ्यांकडे जाऊन तसाच प्रश्न विचारला असता, आणि ते मला जास्त लागले असते.

मग आम्ही काय केले? मी व्याख्यान दिले नाही. फार मोह झाला, पण आवरला. कौलासाठी संसदेने १९६६ मध्ये केलेला कायदा आम्ही काढला. पोरीने तो वाचला आणि म्हणाली, "आजोबा, यात भाषेबद्दल काहीच विचारलेलं नाही!" खरेच नाही. मराठी की कोकणी हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता. स्वतंत्र राज्य हवे का, हाही नव्हता. ते ३० मे १९८७ ला झाले. लोकांनी एका प्रश्नाला उत्तर दिले आणि मनात मात्र दहा प्रश्न होते.

मग निवडणुकीचे आकडे काढले. जानेवारीत विलीनीकरण हरले, आणि मार्चमध्ये त्याच मतदारांनी विलीनीकरणवाद्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला तीसपैकी सोळा जागा देऊन भाऊसाहेब बांदोडकरांना परत मुख्यमंत्री केले! पोरगी गोंधळली. "मग लोकांना नक्की काय हवं होतं?" हा प्रश्न मला तिच्या पहिल्या प्रश्नापेक्षा कितीतरी बरा वाटला. उत्तर एका ओळीत येत नाही. कूळ-मुंडकाराला जमीनदार-भाटकारांचे राज्य पुन्हा नको होते. मुलाबाळांना गावात मराठी शाळा हवी होती, आणि भाऊसाहेबांनी ती दिली. पण आपले गाव मुंबईहून चालावे असे त्यातल्याही कित्येकांना वाटत नव्हते. पोरीने वहीत भागाकार केला. शंभरातल्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस माणसांनी फुलाला मत दिले होते. "एवढे सगळे गोव्याच्या विरुद्ध कसे असतील?" ती स्वतःशीच पुटपुटली. मी काहीच बोललो नाही.

आता माझे म्हणणे. फुकट साहित्य वाईट नाही, मी त्याचा भक्तच झालो आहे. खेड्यातल्या ज्या घरात पुस्तकांचे एक कपाट नाही त्या घरात आज एक ग्रंथालय येते, ही लहान गोष्ट नव्हे. पण फुकट म्हणजे वाचणाऱ्याला फुकट. लिहिणाऱ्याला वेळ, पैसा, जिद्द लागते, आणि ज्याच्यापाशी ती असते त्याचाच इतिहास पोरांच्या हाती पडतो. अमेरिकेने आपला लिहिला, दिल्लीने आपला, जिंकलेल्यांनी आपला. गोव्यातल्या मराठी माणसाने काय लिहिले? आम्ही पन्नास वर्षे व्यासपीठावरून 'मराठीवर अन्याय' म्हणत राहिलो. अन्याय झाला नाही असे मी म्हणत नाही. पण माझ्या वडिलांनी फुलाला मत का दिले, हे अकरा वर्षांच्या मुलीला कळेल अशा भाषेत मी तरी कुठे लिहिले? दुसऱ्याने आपली बाजू लिहावी ही अपेक्षा करणे म्हणजे शेजाऱ्याने आपल्या अंगणात सडा घालावा म्हणण्यासारखे आहे.

हेच बेळगावच्या, बडोद्याच्या, ग्वाल्हेरच्या, हैदराबादच्या मराठी घरांनाही लागू आहे. तुमच्या गल्लीतली वाचनालये, गणेशोत्सव, मराठी शाळा यांची हकिकत पाठ्यपुस्तकात कधीच येणार नाही. जत्रेच्या स्मरणिका, शाळेचे सुवर्णमहोत्सवी अंक, आजोबांची पत्रे... वाळवी लागायच्या आत त्यांची छायाचित्रे काढा, तारीख आणि गाव लिहा, सर्वांसाठी खुली ठेवा. घरी शिकणाऱ्या मुलाला याहून चांगला गृहपाठ नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे शाळेतही करता येईल. येईल की! शाळेतल्या बाईंना चाळीस मुले आणि अभ्यासक्रम पुरा करायची घाई नसती तर मीही केले असते. आणि घरच्या शाळेतला धोकाही सांगतो. वर्गात दोन पानांवाल्याचा नातू आणि फुलवाल्याची नात एका बाकावर बसतात. घरात एकच बाजू असते. म्हणून घरी शिकवणाऱ्यांनी मुलाला मुद्दाम पलीकडच्या घरी पाठवले पाहिजे.

आम्ही पाठवले. पलीकडच्या घरातले बाब आता ऐंशी ओलांडून गेलेत. १९६७ ला त्यांनी दोन पानांसाठी गावभर फिरून प्रचार केला होता. माझ्या वडिलांशी त्यांचे तेव्हा चांगलेच वाजले होते, वर्षभर बोलणे बंद. पोरगी वही घेऊन त्यांच्या बाल्कांवाच्या सोप्यावर बसली, मी बाहेर फाटकाशी उभा. त्यांनी सगळे सांगितले, त्यांना कशाची भीती वाटत होती तेही. शेवटी हसून म्हणाले, "तुजो पणजो फुलाक, हांव दोन पानांक. पूण पावसांत बांद फुटलो तेन्ना माती मारपाक दोगूय एकाच कडेन."

मग ते काठी टेकत तिला बांधावर घेऊन गेले. मानशीचे दार भरती-ओहोटीला कसे मिटते-उघडते, खारे पाणी शेतात शिरले तर किती वर्षे भात होत नाही, पूर्वी गावकरी हे कसे सांभाळायची आणि नंतर कुळांच्या संघटनेकडे ते कसे आले, हे तिथेच उभे राहून सांगितले. उपग्रहाच्या चित्रातली ती केसासारखी रेघ पोरीने पायाखाली बघितली. बांध एका जागी खचला आहे. आता त्यावर माती मारायला कोणी येत नाही, हेही त्यांनी तिला दाखवले.

रात्री तिने वहीत दोन रकाने आखले. एका बाजूला पणजोबा, दुसऱ्या बाजूला बाब. पणजोबांचा रकाना अजून अर्धा कोरा आहे. तो भरून देणे माझे काम. उद्यापासून बसतो आहे.